बिनतक्रार त्रेचाळीस दिवस

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

आजपासून रोजनिशी. डायरी गोंद पुरवणाऱ्या कंपनीने जानेवारीत भेट दिलेली. महिनाभर तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो, त्यामुळे मुखपृष्ठावर तपकिरी गोल. असो. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

ही दुपारी गेली. हेड ऑफिसला तीन महिन्यांचं ट्रेनिंग, मग बढती. घरात मी आणि मुंगी. मुंगी म्हणजे आमची कन्या, वय साडेचार. साखरेचा डबा कुठेही लपवा, अर्ध्या तासात तिला पत्ता लागतो, म्हणून मुंगी.

जाताना हिने फ्रिजवर सूचनांचे चार कागद चिकटवले. एकवीस कलमं, त्यातली नऊ एकट्या दातांची. मागच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीचं तोंड तपासलं होतं. वरच्या डाव्या दाढेत छोटं भोक, पुढच्या दोन दातांवर डाग. १२ तारखेला दाढ भरून घ्यायची. दोन वेळा ब्रश, तोही मोठ्या माणसाने करून द्यायचा, पेस्ट वाटाण्याएवढी. झोपताना दुधाची बाटली बंद. मधल्या वेळी गोड बंद. इत्यादी.

टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून हिने पुन्हा विचारलं, बारा तारीख लक्षात आहे ना? मला हसू आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. एकशे ऐंशी माणसं, अठराशे बोटं, आणि गेटवरचा बोर्ड सांगतो: अपघाताविना दिवस १५६. ज्याने अठराशे बोटं सांभाळली त्याला वीस दात जड जाणार?

५ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

ब्रशिंग: सकाळचं सत्र. वेळ अकरा मिनिटं. प्रत्यक्ष ब्रश दातांना लागला तो काळ, अंदाजे चार सेकंद. शर्ट बदलावा लागला. मुंगीने उजव्या तर्जनीचा चावा घेतला. कारखान्यात याची नोंद थोडक्यात टळलेला अपघात अशी झाली असती.

ऑफिसला पंचवीस मिनिटं उशीर. उद्यापासून पंचवीस मिनिटं लवकर उठणार.

६ फेब्रुवारी

उठलो नाही.

७ फेब्रुवारी, रात्री ८

जेवताना फोनवर थोडा अभ्यास केला. दुधाचे दात पडतात. सगळेच्या सगळे. सहाव्या वर्षापासून सुरू, बाराव्यापर्यंत खेळ खलास. मग ही एवढी धावपळ कशासाठी? पुढच्या वर्षी पाडायच्या भिंतीला कुणी रंग देतं का? हिला फोनवर हा मुद्दा अगदी शांतपणे मांडला. ती म्हणाली, बारा तारीख. मी म्हणालो, हो.

तरीही शिस्त म्हणून ब्रश चालूच ठेवणार. तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ फेब्रुवारी

मुंगी झोपेना. आई हवी म्हणून हमसून हमसून रडली. मला बघवेना. शेवटी बाटली काढली. कोमट दूध, दोन चमचे साखर. बाटली तोंडात धरून दहा मिनिटांत झोपली.

फक्त आजच्यापुरतं. शिवाय दूध म्हणजे कॅल्शियम, आणि दात कशाचे बनतात? कलम सात लिहिताना हिच्या हे लक्षात आलं नसावं.

९ फेब्रुवारी

बाटली. फक्त आज.

१० फेब्रुवारी

बाटली. आता हे रोज लिहीत नाही. जागा वाया जाते.

११ फेब्रुवारी, रात्री

उद्या कारखान्यात ऑडिट. बोर्डावर १६३. अशा दिवशी सेफ्टी ऑफिसरच जागेवर नाही हे चालणार नाही. दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट २६ तारखेला ढकलली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, लहान मुलांची कीड फार झपाट्याने वाढते, फार लांबवू नका. हल्ली रिसेप्शनवरच्यासुद्धा डॉक्टर झाल्या आहेत.

संध्याकाळी हिचा फोन. उद्याची तयारी आहे ना म्हणाली. मी सांगितलं, दवाखान्याशी बोलणं झालंय. बोलणं झालंच होतं.

१२ फेब्रुवारी

ऑडिट उत्तम. साहेबांनी पाठीवर हात ठेवला.

घरी मुंगीने आइस्क्रीमचा दुसरा घास तोंडात घेतला आणि किंचाळली. (आइस्क्रीम ऑडिटच्या आनंदाप्रीत्यर्थ.) दुखतं म्हणाली. कुठे विचारलं तर गालावर बोट ठेवलं, मग कानावर, मग अस्वलाच्या पायावर. अशा साक्षीदारावर कोणती चौकशी समिती विश्वास ठेवील? माझी स्वतःची खालची दाढ दोन वर्षं ठणकते आहे. मी कधी कुणाला कळू दिलं? डाव्या बाजूने चावतो आणि कामाला लागतो. मनाचा खंबीरपणा लहानपणीच अंगी बाणवावा लागतो.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

कल्पना!! ब्रश करताना सुचली. (माझा ब्रश. मुंगी झोपली होती.)

कारखान्यात बोर्ड नव्हता तेव्हा काय परिस्थिती होती? महिन्याला सहा-सात जण प्रथमोपचाराच्या पेटीपाशी. याला कापलं, त्याला खरचटलं. बोर्ड लावला, अमुक दिवस झाले की सगळ्यांना भेटवस्तू जाहीर केली, आणि एकाचं जरी लागलं तरी आकडा शून्यावर, असा नियम केला. तेव्हापासून पेटीचं झाकण उघडलेलं नाही. पेटीतल्या कापसाला बुरशी आली. माणसाला मोजायला आकडा दिला की तो सुधारतो.

घरी तेच करायचं.

रात्री ८

पांढरा बोर्ड आणला, मार्कर लाल. फ्रिजवर हिच्या चार कागदांवरच बसवला, दुसरीकडे जागा नव्हती. शीर्षक: बिनतक्रार दिवस. ज्या दिवशी दुखतं, खुपतं, नको अशी कुरकुर नाही, त्या दिवशी एक स्टार. पाच स्टार झाले की लॉलीपॉप, तेही मधल्या वेळी नाही, रात्री जेवणानंतर. म्हणजे कलम आठसुद्धा पाळलं गेलं. तक्रार केली की सगळे स्टार पुसायचे, पुन्हा शून्य.

मुंगीचे डोळे चमकले. आजचा स्टार तिच्याच हातून काढून घेतला. पाचऐवजी सात टोकं आली.

१५ फेब्रुवारी

सकाळी बिस्किट खाताना मुंगी, बाबा दुखतंय. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. दोन्ही स्टार पुसले. तिने माझा हात धरून ठेवला, पुसू नको म्हणाली. फार रडली. कारखान्यातही सुरुवातीला लोक असेच बोंबलले होते.

१६ फेब्रुवारी

दिवस १. एक शब्द नाही!

२० फेब्रुवारी

दिवस ५. पहिला लॉलीपॉप. हिला फोनवर सांगितलं, मुंगीची आता काहीही तक्रार नाही. ती म्हणाली, कमाल आहे. मी म्हणालो, पद्धत लागते.

बोर्ड लावल्याचं सांगितलं नाही. बढतीच्या अभ्यासात कशाला मधे मधे लुडबुड करायची?

२६ फेब्रुवारी

दिवस ११. दाढेची अपॉइंटमेंट होती. सकाळी दवाखान्यात फोन करून रद्द केली. तक्रारच नाही तर दुरुस्ती कशाची? मुंगीला समोर उभं करून सरळ विचारलं, दुखतं का? तिने आधी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जोरात मान हलवली. नाही. अजून काय पुरावा हवा?

पुढच्या तारखेला ठेवू का असं रिसेप्शनवाली विचारत होती. मी म्हणालो, आम्ही कळवू.

दुपारी कारखान्यात माझं भाषण. विषय: मशीन बिघडण्याआधीच तपासा. भाषण छान झालं. शेवटच्या रांगेतला मामासुद्धा जागा होता. मामा म्हणजे कटिंग मशीनवरचा जुना ऑपरेटर. सगळे मामाच म्हणतात. एरवी माझ्या भाषणात तो उभ्या उभ्या घोरतो.

३ मार्च

दिवस १६. बोर्डाचा एक अनपेक्षित फायदा: मुंगीला खाण्याची शिस्त लागली. पूर्वी बकाबका खायची. आता ब्रेडचे बारीक तुकडे करते, दुधात बुडवते, मऊ होईपर्यंत थांबते आणि एकाच बाजूने सावकाश चावते. डोकं उजवीकडे जरा कलतं करून. बघायला गोड वाटतं. मीही डावीकडे कलून चावतो. बापाचं वळण मुलीत उतरलं म्हणायचं.

६ मार्च

दिवस १९. ब्रश आता तिचा तिला करू देतो. कलम दोनमध्ये मोठ्या माणसाने असं आहे, पण स्वावलंबन नावाची काही चीज आहे की नाही? मी सकाळी फक्त ब्रश तपासतो. ओला असला की रजिस्टरवर सही. (बाथरूमच्या दारामागे रजिस्टर लावलंय. कारखान्यातलेच छापील तक्ते, वर फक्त मशीन क्रमांक खोडून मुंगी लिहिलं.)

९ मार्च

दिवस २२. बालवाडीच्या बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली. मुंगी डब्यातलं सफरचंद परत आणते, गालावर हात ठेवून बसते, कृपया दात दाखवून घ्या. गालावर हात ठेवून तर मीही बसतो, विचार करताना. मुलं विचारी असू शकतात हे या बाईंना कोण सांगणार?

तरी लगेच कारवाई केली. सफरचंद बंद, केळं सुरू. उद्यापासून डबा रिकामा परत येणार. प्रश्न निकाली.

१२ मार्च

दिवस २५. पाचवा लॉलीपॉप मुंगी चोखत नाही. हातात धरून बसते, मग वेष्टनात पुन्हा गुंडाळून खेळण्यांच्या डब्यात ठेवते. डब्यात आधीचेही दोन सापडले. बचतीची सवय! तिच्या आईवर गेली असणार.

१४ मार्च

दिवस २७. मुंगीच्या तोंडाला वास येतो. गळ्यात पडली तेव्हा जाणवलं. स्ट्रॉबेरीची पेस्ट आणली. आता स्ट्रॉबेरीसकट वास येतो. पोट साफ नसावं.

१५ मार्च

आज योगायोगाने बाथरूममध्ये डोकावलो. मुंगी स्टुलावर उभी राहून ब्रश नळाखाली धरत होती. नुसताच. ओला केला, दोनदा झटकला, मगात ठेवला, तोंड पुसून बाहेर आली. तोंडात ब्रश गेलाच नाही.

मी रागावणार होतो. पण मग दिवस मोडला असता आणि आज दिवस २८. शिवाय एकदाच पाहिलं, रोज असंच करत असेल कशावरून? सही केली. उद्यापासून लक्ष ठेवणार.

२० मार्च

कारखान्यात २००!! गेटवर फुगे. सगळ्यांना स्टीलचे डबे, मला ढाल. बोर्डाशेजारी उभं राहून फोटो. फोटोग्राफर म्हणाला, सगळ्यांनी हात वर करा. तीनशे एकोणसाठ हात वर गेले. मामाने डावा हात खिशातच ठेवला. दोनदा सांगितलं तरी काढेना. काही लोकांना कार्यक्रमाचं गांभीर्यच नसतं.

घरी दिवस ३३. ढाल फ्रिजवर, बोर्डाच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही एकत्र फार शोभतात.

२३ मार्च

मामा रजेवर. ताप आला म्हणे. मुंगीही रात्री जरा कोमट लागली. हवा बदलते आहे.

२७ मार्च, रात्री ८.१५

दिवस ४०! हिने व्हिडिओ कॉल केला. मुंगी आईला पाहून हसली, पण ओठ मिटून. ही म्हणाली, आ कर बघू राणी, दात दाखव. मुंगी ओठ आणखी घट्ट मिटून माझ्याकडे बघायला लागली. ही म्हणाली, तिच्या चेहऱ्याची एक बाजू मोठी दिसते का? मी म्हणालो, कॅमेऱ्याचा दोष. ती म्हणाली, जवळ घे जरा फोन. तेवढ्यात बॅटरी बारा टक्क्यांवर आलेली दिसली, म्हणून फोन बंद केला. बॅटरी पूर्ण उतरू देणं फोनला वाईट असतं.

नंतर टॉर्च लावून मी स्वतः बघणार होतो. पण बॅटरी बारा टक्के.

२९ मार्च, रात्री

वाईट दिवस. कारखान्यातला आकडा गेला. २०९ वरून शून्य. माझ्या हाताने शून्य लिहावं लागलं.

मामाचं प्रकरण. चौकशीत निघालं ते असं: १४ तारखेला त्याचं डावं मधलं बोट कटिंगच्या पात्याखाली आलं. नखापाशी खोल कापलं. याने काय करावं? खोक्यांची चिकटपट्टी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. वर हातमोजा. शेजारच्या दोघांना माहीत होतं, तेही गप्प. चौदा दिवस! बोट काळं पडलं, काल हॉस्पिटलात पहिल्या पेरापासून कापावं लागलं.

मी भेटायला गेलो. खरं म्हणजे जबाब घ्यायला गेलो. म्हणालो, मामा, एक शब्द बोलला असतात तर दोन टाक्यांत भागलं असतं, का नाही बोललात? मामा म्हणाला, साहेब, सहा दिवसांवर दोनशे आले होते. एकशे ऐंशी घरांचे डबे माझ्या एका बोटापायी घालवू? आणि तुम्ही किती खुशीत होता.

आता यात माझ्या खुशीचा काय संबंध? अहवालात लिहिलं: मूळ कारण, कामगाराचा निष्काळजीपणा व माहिती लपवण्याची वृत्ती. ही वृत्ती येते कुठून, याच्यावर खरं तर कुणीतरी संशोधन करायला हवं.

अठराशेतून एक गेलं. रात्री जेवण गेलं नाही. निदान घरचा आकडा शाबूत आहे. दिवस ४२.

३० मार्च, सकाळी

मुंगी स्वतःहून उठून स्वयंपाकघरात आली. मी चहा करत होतो. वळून पाहिलं. डावा गाल फुगून डोळ्यापर्यंत आलेला. कातडी ताणून चकचकीत. डावा डोळा अर्धा मिटलेला. अंग चटका बसेल इतकं तापलेलं.

मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली. तोंड उघडत नव्हतं, दातांमधूनच म्हणाली. मी गुडघ्यांवर बसून पुन्हा विचारलं, मुंगी, खरं सांग, दुखतंय ना? ती म्हणाली, नाही दुखत. आणि बोर्डाकडे बोट करून म्हणाली, त्रेचाळीस. स्टार दे.

मी मार्कर घेतला आणि स्टार काढला. आधी स्टार काढला, मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. हे लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

३० मार्च, दुपारी, हॉस्पिटल

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात पाच मिनिटंही ठेवलं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि मागोमाग स्वतः आल्या. पू दाढेतून हाडात, हाडातून गालात. डोळ्याच्या आत गेला तर, असं म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सलाइन. सुई तिसऱ्या प्रयत्नात लागली. मुंगी रडली नाही. नर्स म्हणाली, किती शहाणी मुलगी. एरवी मी कॉलर ताठ केली असती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं? मी म्हणालो, त्रेचाळीस दिवसांत एकही तक्रार नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ही दाढ निदान महिनाभर रात्रंदिवस ठणकत असणार. मोठा माणूस असता तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. तुमच्या लक्षात काहीच आलं नाही?

रजिस्टरवरच्या सह्यांचा उल्लेख टाळला.

दुधाचे दात पडतातच ना, असं विचारून पाहिलं. आवाज बारीक आला. त्या म्हणाल्या, पडेपर्यंत त्यांनीच चावायचं असतं. शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा ते धरून ठेवतात, आणि तो पक्का दात आत्ता त्याच पुवात बुडून बसला आहे. त्याचं काय झालं ते तो वर येईल तेव्हाच दिसेल. सातव्या, आठव्या, दहाव्या वर्षी, काही दाढा त्याही पुढे.

हिला फोन केला. बॅटरी सत्याऐंशी टक्के होती. कारण सापडलं नाही.

३१ मार्च

ही पहाटेच्या बसने आली. बॅग घेऊन आधी घरी गेली, मुंगीचे कपडे घ्यायला. त्यामुळे बोर्ड पाहिला. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. बोर्डामागून काढलेले चार कागद तिच्या पर्समधून डोकावत होते.

पलंगावर बसून मुंगीच्या केसांतून हात फिरवत तिने विचारलं, मला फोनवर का नाही सांगितलंस गं सोन्या? मुंगी म्हणाली, मग झीरो झालं असतं. बाबाला वाईट वाटलं असतं.

ही माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने पाहिलंच नाही.

२ एप्रिल

भूल देऊन चार दात काढले. दोन दाढा, पुढचे दोन. आत नेताना मुंगीने माझं बोट धरलं होतं, तेच चावलेलं. दारापाशी नर्सने सोडवलं. पन्नास मिनिटं. बाहेर आली तेव्हा ओठ कोरडे आणि कोपऱ्यात रक्त. दात एका छोट्या डबीत घालून दिले. इतके लहान असतात हे माहीत नव्हतं. दाढेतलं भोक मात्र माझ्या पेनाचं टोक जाईल एवढं.

वीसपैकी सोळा.

३ एप्रिल

नवी अडचण. दर चार तासांनी नर्स येऊन विचारते, दुखतंय का बाळा? मुंगी म्हणते, नाही. दुखण्याचं औषध किती द्यायचं ते त्यांना ठरवता येत नाही. तोंड तिचं, सांगायचं तिने. नाडी जोरात पळते, मूठ आवळलेली, आणि उत्तर, नाही. आईने विचारलं, नाही. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यांची चित्रं दाखवली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, तुझा कोणता चेहरा ते दाखव म्हणाल्या. मुंगीने सगळ्यात हसऱ्यावर बोट ठेवलं.

४ एप्रिल, दुपारी

उपाय सापडला. नियम उलटा करायचा! तक्रार केली की स्टार. वहीच्या कागदावर नवा तक्ता केला, मुंगीला समजावलं. दुपारपर्यंत चौदा स्टार. केस दुखतात, उशी दुखते, चमचा दुखतो, खिडकी दुखते. मी आनंदाने काढत गेलो. मग हळूच विचारलं, आणि तोंड? म्हणाली, तोंड नाही.

हिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्याशी बोलायचं टाळण्यासाठी खोलीच्या बाहेर जाणं पसंत केलं.

७ एप्रिल

घरी आलो. सूज उतरते आहे. बोर्ड पुसला. लाल मार्करचे डाग जात नाहीत, स्टार होते तिथे गुलाबी ठिपके दिसतात. ढाल कपाटात टाकली. रजिस्टर काढलं. कारखान्यात साहेबांनी गेटवरचा आकडा पुन्हा सुरू करायला सांगितलाय. आज ९ असायला हवा. मी शून्यच ठेवला आहे. काय लिहायचं ते ठरत नाही.

ही उद्या हेड ऑफिसला कळवणार, ट्रेनिंग अर्ध्यावर सोडलं म्हणून. बढती यंदा नाही. मी म्हणालो, जा तू, आता मी नीट बघेन. ती म्हणाली, दूध उतू जातंय तेवढं बघा.

८ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं केलं. मुंगीचं डोकं मांडीवर घेतलं, दिवा वर. वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश, आधी उजवीकडचे दात. जखमेच्या बाजूला ब्रश नाही, ओल्या स्वच्छ फडक्याने हळूहळू पुसायचं.

साडेचार वर्षांत पहिल्यांदाच तिचं तोंड आतून नीट पाहिलं. एका बाजूला पांढरे दाणे, दुसऱ्या बाजूला लाल खड्डे. ती आ करून शांत पडून होती. धडपड नाही, चावा नाही. पहिल्या दिवशी कसली झटापट केली होती. आजही तिने तशी झटापट करायला हवी होती.

फडकं खड्ड्याच्या कडेला लागलं तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. आवाज काहीच नाही. मी हात मागे घेतला. म्हणालो, मुंगी, दुखतंय, सांग ना, आता काही पुसायचं नाहीये, शून्य नाही होत. ती म्हणाली, नाही दुखत, कर तू.

ती मांडीवरून उलट्या बाजूने माझ्या तोंडाकडे बघत होती. हात वर करून तिने माझ्या गालाला बोट लावलं, आणि विचारलं, बाबा, तुला दुखतंय का?

मी म्हणालो, नाही.